अंगठा लागत नाही, तेव्हा चूक कोणाची?
राशन, पगार, पेन्शन, बँक... सगळीकडे बोट, डोळे किंवा चेहरा दाखवावा लागतो. बायोमेट्रिक ओळख नेमकी चालते कशी, ती फसते कुठे आणि चोरीला गेली तर काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात राजूर हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक कोळसा आणि दुसरी चुनखडी. वर्धा खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, आणि राजूर परिसरातली चुनखडी भाजून चुना करण्याचा धंदाही जुना आहे. आजूबाजूच्या शिवारात कापूस. म्हणजे इथल्या कष्टकऱ्याचा हात कोळशाच्या भुकटीत, चुन्याच्या खारात किंवा कापसाच्या बोंडात असतो. बोटाचे ठसे वाचणाऱ्या यंत्राला याहून अवघड हात मिळणे कठीण.

कंट्रोलच्या दुकानात अशा वेळी एकच वाक्य ऐकू येते, ‘अंगठा लागत नाही.’ यंत्र लाल दिवा दाखवते, दुकानदार ‘हात पुसून या’ म्हणतो, मग दुसरे बोट, तिसरे बोट. वाक्याची रचनाच अशी आहे, की दोष अंगठ्याकडे जातो. प्रत्यक्षात तिथे काय घडते हे समजून घेतले, तर दोष नेहमीच अंगठ्याचा नसतो हे कळते.

यंत्र ठसा ‘पाहते’ म्हणजे काय करते?

बोटाच्या टोकावर उंचवट्यांच्या बारीक रेषा असतात. आईच्या पोटात असताना, गर्भधारणेच्या दहाव्या आठवड्यानंतर त्या तयार होऊ लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्यांचा आराखडा पक्का होतो. जुळ्या भावंडांचेही ठसे वेगळे असतात. या रेषा काही ठिकाणी अचानक संपतात, तर काही ठिकाणी एकीच्या दोन होतात. यंत्राला रस असतो तो याच जागांमध्ये. कोणती रेष कुठे संपली, कुठे फुटली आणि ती कोणत्या दिशेला आहे, याची एक आकड्यांची यादी ते तयार करते. या यादीला टेम्प्लेट म्हणतात. नोंदणीच्या वेळची यादी आणि आजची यादी किती जुळते, याला गुण दिले जातात. ठरवलेल्या किमान गुणांच्या वर गेलात तर हिरवा दिवा, नाही तर लाल.

इथेच बायोमेट्रिक आणि पासवर्ड यांच्यातला मोठा फरक आहे. पासवर्ड एक तर बरोबर असतो किंवा चूक. ठसा मात्र कधीच शंभर टक्के जुळत नाही. बोट जरा वाकडे ठेवले, जोरात दाबले, घाम होता, काच मळकी होती, तर दरवेळी वेगळी यादी तयार होते. म्हणजे यंत्र ‘हा तोच माणूस आहे’ असे कधीच सांगत नाही. ‘हा तोच असण्याची शक्यता पुरेशी आहे’ एवढेच सांगते. पुरेशी म्हणजे किती, हे कुठल्या तरी कार्यालयात बसलेला माणूस ठरवतो.

हे ठरवणे धान्य चाळण्यासारखे आहे. चाळणीची भोके मोठी ठेवली तर खडेही धान्याबरोबर खाली जातात, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर भलताच माणूस चालून जातो. भोके बारीक केली तर खडे अडतात, पण चांगले दाणेही वरच अडकून राहतात, म्हणजे खरा लाभार्थी परत जातो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारी चाळणी अजून कोणी बनवलेली नाही. बँकेच्या तिजोरीला बारीक भोके हवीत हे कोणीही मान्य करील. पण पाच किलो तांदळासाठी ती किती बारीक असावीत? तंत्रज्ञान या प्रश्नाचे उत्तर देत नाही, ते धोरणाचे काम आहे.

कोळसा, चुना, कापूस आणि वय

ठसे जन्मभर बदलत नाहीत, हे खरे आहे. पण ते अर्धेच. आराखडा बदलत नाही, पृष्ठभाग मात्र झिजतो. कळीचा चुना पाण्यात पडला की कडक अल्कली तयार होते. ती कातडीचा वरचा थर खाते, बोटे फुटतात, उंचवटे सपाट होतात. कोळशाची बारीक भुकटी रेषांमधल्या खाचांमध्ये बसते आणि साध्या साबणाने निघत नाही. मग उंचवटा कुठला आणि खाच कुठली हे यंत्राला कळत नाही. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाच्या टोकदार पाकळ्या बोटाच्या पेराला ओरखडे काढतात. वेचणीच्या दिवसांत बायकांच्या बोटांवर अशा चिरा असतातच. प्रत्येक चीर यंत्राला नवी ‘तुटलेली रेष’ वाटते.

वयाचेही तसेच. म्हातारपणी कातडी कोरडी होते, तिचा ताण जातो, उंचवटे खाली बसतात. काही औषधांनीही ठसे जातात. कर्करोगावरच्या कॅपेसिटाबिन या औषधामुळे सिंगापूरच्या एका रुग्णाचे ठसे पुसले गेले आणि अमेरिकेच्या विमानतळावर त्याला अडवून ठेवले, ही घटना २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे.

दिलासा एवढाच, की झीज फक्त वरच्या थराची असेल तर काही आठवडे कामातून विश्रांती मिळाल्यावर त्याच रेषा पुन्हा उमटतात. पण भट्टीवरच्या मजुराला काही आठवडे सुटी कोण देणार?

ही अडचण यंत्रणा उभी करणाऱ्यांना आधीपासून माहीत होती. आधार प्राधिकरणाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठशांच्या अभ्यासात असे दिसले होते, की सर्वांत चांगले एक बोट एकदाच लावले तर साधारण ९३.५ टक्के लोकांची ओळख पटते, तीन प्रयत्नांत ९६.५ टक्के, आणि दोन चांगली बोटे वापरली तर ९९ टक्क्यांच्या वर. त्यावरूनच ‘तुमचे सर्वांत चांगले बोट कोणते’ हे शोधण्याची सोय केली गेली. अंगठाच लावला पाहिजे असा नियम नाही. अनेकांचे मधले बोट किंवा अनामिका अंगठ्यापेक्षा चांगली लागते, कारण ती कमी झिजते. गावोगावी ही साधी गोष्ट नीट पोहोचली असती, तर दुकानासमोरच्या बऱ्याच रांगा कमी झाल्या असत्या.

पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारवर सुनावणी चालू असताना प्राधिकरणाने देशपातळीवरचे आकडे दिले. ओळख न पटण्याचे प्रमाण ठशांसाठी ६ टक्के आणि डोळ्यांच्या बुबुळासाठी ८.५४ टक्के. त्याच वेळी, ओळख पटली नाही म्हणजे लाभ नाकारला गेला असे नव्हे, पर्यायी मार्ग असतात, असेही प्राधिकरणाने सांगितले. ते कागदावर बरोबर आहे. कुटुंबातल्या पाच जणांपैकी एकाचा ठसा लागला तरी धान्य मिळते. पण एकटी राहणारी म्हातारी, जिच्या घरात दुसरे बोटच नाही, तिच्यासाठी सहा टक्के हा आकडा सरासरी राहत नाही. ती एक तर शंभर टक्के आत असते किंवा शंभर टक्के बाहेर.

सुरुवात महाराष्ट्रातूनच

आधारचा पहिला क्रमांक महाराष्ट्रातच दिला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला बारा अंकी क्रमांक मिळाला. दहा बोटांचे ठसे, दोन बुबुळे आणि चेहऱ्याचा फोटो, एवढा ऐवज त्यासाठी घेतला जातो. नवा माणूस नोंदवताना त्याचा ऐवज आधीच्या सर्वांशी ताडून पाहिला जातो, म्हणजे एकाच माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत.

हे ताडून पाहणे किती उपयोगी पडते, याचे विदर्भातले उदाहरण बोलके आहे. नागपूरच्या एका कुटुंबाने सांभाळलेल्या, मतिमंद असलेल्या एका मुलाची आधार नोंदणी वारंवार फेटाळली जात होती. २०२१ मध्ये नागपूरच्या आधार केंद्राने खोलात जाऊन पाहिले, तेव्हा त्याचे ठसे आधीच नोंदलेले निघाले, तेही जबलपूरच्या पत्त्यावर. लहानपणी हरवलेला तो मुलगा दहा वर्षांनी आपल्या आईवडिलांकडे परत गेला. ज्याला स्वतःचे नाव-गाव सांगता येत नाही, त्याची ओळख बोटांनी सांगितली.

स्थलांतरित मजुरांनाही या ओळखीचा मोठा आधार आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांनी झाली, त्यात महाराष्ट्र-गुजरात ही एक होती. कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलेले कुटुंब तिथल्या दुकानातून आपले धान्य घेऊ शकते, ते ठशावर ओळख पटते म्हणूनच. कागदी कार्डाच्या काळात ही सोय शक्य नव्हती. खाणी आणि भट्ट्यांच्या गावांत, जिथे माणसे कामामागे फिरतात, तिथे ही गोष्ट लहान नाही.

खाणीतली हजेरी: पगाराच्या पलीकडे

कोळशाच्या खाणीत हजेरीला आणखी एक अर्थ आहे. खाण कायदा, १९५२ प्रमाणे भूमिगत खाणीत त्या पाळीला कोण कोण खाली आहे, याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. अपघात झाला, पाणी शिरले, छत कोसळले, तर बचाव पथकाला पहिला प्रश्न हाच असतो, की आत किती जण आहेत आणि कोण. दुसऱ्याने लावलेली खोटी हजेरी अशा वेळी पगाराच्या घोटाळ्यापुरती राहत नाही. नसलेल्या माणसाला शोधायला बचाव पथकातल्या कोणाचा तरी जीव धोक्यात जाऊ शकतो. त्याउलट, ठसा लागला नाही म्हणून नोंद न होताच माणूस खाली उतरला, तर तो कोणाच्याच हिशेबात नसतो. त्यामुळे खाणीत बायोमेट्रिक यंत्र असले तरी त्याच्या जोडीला माणसाने ठेवलेली नोंद लागतेच. कोविडच्या साथीत मार्च २०२० पासून सरकारी कार्यालयांतली बोटाची हजेरी बंद ठेवावी लागली होती, तेव्हाही नोंदवहीच कामी आली.

ठसा चोरता येतो का?

येतो. आणि ते बरेच दिवसांपासून माहीत आहे. जपानच्या योकोहामा विद्यापीठातल्या त्सुतोमू मात्सुमोतो यांनी २००२ मध्ये स्वयंपाकातल्या जिलेटिनपासून नकली बोटे बनवली आणि त्या वेळच्या ११ यंत्रांवर वापरून पाहिली. बहुतेक वेळा ती चालून गेली. २०१३ मध्ये आयफोनमध्ये ठशाचे कुलूप आले आणि काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने ते उघडून दाखवले. याच मंडळींनी पुढच्या वर्षी जर्मनीच्या तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या हाताच्या छायाचित्रांवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा तयार केला. छायाचित्रे जाहीर कार्यक्रमात साध्या कॅमेऱ्याने काढलेली होती.

आपल्याकडची चोरी यापेक्षा साधी आहे. २०१८ मध्ये तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात पोलिसांनी एका सिमकार्ड विक्रेत्याला पकडले. त्याने जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे सरकारी संकेतस्थळावरून उतरवले, रबरी शिक्के बनवण्याच्या यंत्रावर त्यांचे पॉलिमरचे ठसे काढले आणि त्यावर भलत्यांच्या नावाने सिमकार्डे चालू केली. पेद्दपल्ली राजूरपासून फार दूर नाही, मधे फक्त राज्याची सीमा आहे. खरेदीखतावर अंगठा उठवणे ही आपली शंभर वर्षांची सवय. त्या कागदाची प्रत उद्या कुलपाची किल्ली होईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

खेड्यातल्या लोकांसाठी सर्वांत जवळचा धोका आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत आहे. बँक मित्राकडे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट, एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागत नाही, एटीएम कार्ड लागत नाही. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी ही सोय वरदान आहे, आणि नेमकी त्याच कारणाने चोरासाठीही. नकली ठशाने पैसे काढल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्यानंतर आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नवी सुरक्षा आणली. आता फक्त रेषांची यादी नव्हे, तर बोटाची प्रतिमाही तपासली जाते आणि समोरचे बोट जिवंत आहे की रबराचे, हे संगणक ठरवतो. गंमत म्हणजे ही तपासणी जितकी कडक, तितके भेगाळलेले, कोरडे बोट ‘जिवंत नाही’ असे ठरण्याचा धोका जास्त. चाळणीची गोष्ट पुन्हा तीच.

पासवर्ड बदलता येतो, बोट कसे बदलणार?

बायोमेट्रिकच्या सुरक्षेवरचा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. २०१९ मध्ये बायोस्टार-२ नावाच्या प्रवेश-नियंत्रण यंत्रणेतला दहा लाखांहून अधिक लोकांच्या ठशांचा साठा इंटरनेटवर उघडा पडलेला संशोधकांना सापडला. या लोकांना ‘कृपया आपले बोट बदला’ असे सांगता येत नाही.

यावर उपाय शोधण्याचे काम अडीच दशके चालू आहे. आयबीएममधील नलिनी रथा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘रद्द करता येणारे बायोमेट्रिक’ ही कल्पना मांडली. ठसा जसाच्या तसा साठवायचाच नाही. ठरावीक गणिती पद्धतीने तो आधी वेडावाकडा करायचा आणि ती वेडीवाकडी आकृतीच साठवायची. दरवेळी समोर आलेला ठसाही त्याच पद्धतीने वाकडा करून ताडून पाहायचा. साठा चोरीला गेला तर वाकडे करण्याची पद्धत बदलायची, की जुनी आकृती निरुपयोगी.

दुसरा मार्ग तुमच्या खिशातच आहे. स्मार्टफोन उघडताना लावलेला ठसा फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये राहतो, तो कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही. एका फोनचे कुलूप तुटले तर एकाच माणसाचे नुकसान होते. सगळ्यांचे ठसे एका जागी असतील, तर ती जागा कितीही भक्कम असली तरी चोरांच्या नजरेत भरणारच. अर्थात फोनमधल्या ठशाने ‘हा माणूस दोनदा नोंदला आहे का’ हे तपासता येत नाही. नागपूरचा तो मुलगा फोनच्या पद्धतीने सापडला नसता. म्हणून दोन्ही पद्धती राहणार, प्रश्न कुठे कोणती वापरायची एवढाच आहे.

लोकांना हे हवे आहे का?

या प्रश्नाची उत्तरे संशोधनात परस्परविरोधी वाटतील अशी आहेत. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी १५७ मंडलांमध्ये मोठा प्रयोग केला. रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बायोमेट्रिक स्मार्टकार्डवर दिल्यावर पैसे लवकर मिळाले, गळती कमी झाली आणि ९० टक्क्यांहून अधिक लाभार्थ्यांनी नव्या पद्धतीला पसंती दिली. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. याच तिघांनी नंतर झारखंडच्या रेशन दुकानांत आधार ओळखीचा अभ्यास केला. तिथे चित्र उलटे निघाले. गळती ठोस कमी झाल्याचे दिसले नाही, उलट ज्यांचे आधार जोडलेले नव्हते अशा कुटुंबांच्या पदरात कमी धान्य पडले. एकच तंत्र, तेच संशोधक, पण उत्तरे वेगळी. कारण आंध्रात अंमलबजावणी सक्तीची नव्हती, ज्यांच्याकडे कार्ड नव्हते त्यांनाही पैसे मिळत राहिले. झारखंडात मात्र ओळख पटली तरच धान्य.

‘स्टेट ऑफ आधार’ या २०१९ च्या पाहणीत १ लाख ६७ हजारांहून अधिक लोकांना विचारले गेले. ९२ टक्के लोकांनी आधारबद्दल समाधान व्यक्त केले. ४९ टक्के लोकांनी आधारच्या बळावर आयुष्यात पहिल्यांदा एखादी सेवा मिळवली होती. त्याच वेळी ०.८ टक्के लोक आधारशी संबंधित कारणांनी एखाद्या महत्त्वाच्या सेवेपासून वंचित राहिले. ०.८ हा आकडा टक्क्यांत क्षुल्लक दिसतो, पण सव्वाशे कोटींच्या देशात तो एक कोटीच्या घरात जातो.

स्वेच्छा आणि सक्ती यांतला फरक गांधीजींना सव्वाशे वर्षांपूर्वी कळला होता. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने आशियाई लोकांच्या बोटांचे ठसे घेऊन सक्तीची नोंदणी करायचे ठरवले. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गला जी सभा झाली, तिथे सत्याग्रहाचा जन्म झाला. पुढे १९०८ च्या जानेवारीत सक्ती मागे घेण्याच्या बोलीवर गांधीजींनी स्वेच्छेने ठसे द्यायचे मान्य केले. तेव्हा त्यांच्याच एका अशिलाने, मीर आलम याने, विश्वासघात केला म्हणून त्यांना रस्त्यात मारहाण केली. सरकारने शब्द पाळला नाही आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोंदणी दाखल्यांची होळी झाली. ठसा तोच, शाई तीच. वाद होता तो देणाऱ्याच्या मर्जीचा.

ठशांचे शास्त्रही मुळात हिंदुस्थानी हातांवर उभे राहिले आहे. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई याच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, तो शब्द फिरवू नये म्हणून. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसवले, नाव मात्र साहेबाचे लागले. जगभर ती ‘हेन्री पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

याच काळात गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसह कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला दिला. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून भटके-विमुक्त हा दिवस विमुक्तदिन म्हणून पाळतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या फासेपारधी बेड्यावर आज अंगठा मागायला यंत्र घेऊन कोणी गेले, तर तिथल्या म्हाताऱ्यांच्या मनात काय येत असेल याचा विचार नोंदणी शिबिरांच्या नियोजनात व्हायला हवा. अटक झालेल्या माणसाचे ठसे, बुबुळे घेण्याचा पोलिसांचा अधिकार २०२२ च्या नव्या कायद्याने वाढला आहे, ही बाबही त्यांच्या कानावर असतेच.

आता चेहरा

ठशांच्या अडचणींवर सध्या चेहऱ्याचा उपाय पुढे येतो आहे. निवृत्तांना हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलसमोर चेहरा धरून देता येतो. ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे, आणि झिजलेल्या बोटांच्या पेन्शनधारकांसाठी ती खरोखर चांगली आहे. अंगणवाडीतून घरी नेण्याच्या आहारासाठीही १ जुलै २०२५ पासून चेहरा पडताळणी सक्तीची झाली. त्यावर अंगणवाडी सेविकांची तक्रार यंत्राच्या बुद्धीबद्दल कमी आणि जुना फोन, नेटवर्क आणि ओटीपीबद्दल जास्त आहे. रोजंदारीवर गेलेल्या बाईला फोटोसाठी केंद्रावर बोलावायचे, तर तिची मजुरी बुडते.

चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर सर्वांना सारखे पाहत नाहीत, हेही सिद्ध झाले आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांची चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. त्यानंतर कंपन्यांनी सुधारणा केल्या. पण संगणकाला शिकवताना कोणाचे चेहरे दाखवले, हा प्रश्न कोलाम पोडावरच्या बाईचा फोटो काढतानाही विचारायला हवा.

शिवाय चेहरा आणि बोट यांत एक मूलभूत फरक आहे. बोट तुम्ही स्वतः यंत्रावर ठेवता. चेहरा मात्र चौकातला कॅमेरा तुम्हाला न विचारता टिपतो. ‘हा माणूस जो म्हणतो तोच आहे का’ ही तपासणी वेगळी आणि ‘या गर्दीत तो माणूस कुठे आहे’ ही वेगळी. दुसऱ्या प्रकारात चुकीने संशय येण्याची शक्यता गर्दीबरोबर वाढत जाते.

नियम काय सांगतात आणि काय करता येते?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक मतांनी आधार वैध ठरले, पण खासगी कंपन्यांनी करारापोटी आधार मागण्याची वाट बंद केली गेली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वेगळा निकाल दिला होता.

रेशनच्या रांगेत कामाचा आहे तो मंत्रिमंडळ सचिवालयाचा १९ डिसेंबर २०१७ चा आदेश. बोट जुळले नाही तर बुबुळ किंवा चेहऱ्याने पाहावे, तेही जमले नाही तर ओटीपी घ्यावा, आणि काहीच शक्य नसेल तर आधारचा कागद पाहून, अपवादाच्या नोंदवहीत नोंद करून लाभ द्यावा, असा त्याचा आशय आहे. ‘अंगठा लागत नाही, पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर या आदेशात कुठेही बसत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी हात कोमट पाण्याने धुवून किंचित ओलसर ठेवावेत, फार कोरडे असतील तर आदल्या रात्री तेल लावावे, आणि दहाही बोटे एकदा लावून कोणते चालते ते लक्षात ठेवावे. ठसे बरेच बदलले असतील तर आधार केंद्रावर नव्याने नोंदवता येतात. मुलांचे पाच आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नव्याने नोंदवावेच लागतात. बँक मित्राकडे बोट लावण्याआधी पडद्यावरची रक्कम वाचावी, वाचता येत नसेल तर सोबत कोणाला न्यावे आणि पावती मागावी. ‘पहिल्यांदा लागला नाही, परत लावा’ असे सांगितले तर खात्यातून दोनदा पैसे गेले नाहीत ना, हे पाहावे.

आधारच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आहे. लॉक असताना तुमचा नकली ठसाही चालत नाही. पण खराही चालत नाही, म्हणून राशन आणायच्या दिवशी ते तात्पुरते उघडावे लागते, आणि त्यासाठी आधारला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडलेला असणे गरजेचे आहे. ज्या घरात एकच फोन आणि तो मुलासोबत पुण्याला, तिथे ही सोय असून नसल्यासारखी.

आधारच्या तक्रारीसाठी १९४७ आणि रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ हे क्रमांक आहेत. दुकानातून धान्याविना परत पाठवले तर तारीख, वेळ आणि यंत्रावर दिसलेला संदेश लिहून ठेवावा किंवा पडद्याचा फोटो काढावा, आणि अपवादाच्या नोंदवहीत आपले नाव लिहायला सांगावे. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत विचारणा होते तेव्हा पहिल्यांदा हीच नोंदवही मागवली जाते.